पुरुषांच्या मनासाठी मेळावा भरवताना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत दर दहांमागे सात पुरुष होते. तरीही 'पुरुषांचे मानसिक आरोग्य' असा फलक लावून व्याख्यान ठेवले, तर समोर बहुधा कार्यकर्तेच बसतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो गृहस्थ फलक वाचूनच वाट बदलतो. चारचौघे वेडा ठरवतील, ही त्याची धास्ती.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात 'मेन्स शेड' ही सामाईक कार्यशाळेची कल्पना रुजली. निवृत्त, बेकार, एकाकी पुरुष तेथे जमतात, रंधा मारतात, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात. समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही, ते शेजारी उभे राहून काम करताना सहज बोलले जाते.

आपल्याला त्यासाठी नवी इमारत नको. शाळेच्या बाकांची डागडुजी, ग्रंथालयातील पुस्तकांची बांधणी अशी कामे काढून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना दरमहा एका ठरलेल्या रविवारी बोलवावे, असे आम्ही सुचवतो. भाषणे, हारतुरे, छायाचित्रे वर्ज्य. (कार्यकर्त्यांना हेच सर्वांत जड जाईल!) कर्ज, नोकरी, दारू यांविषयी कोणी बोलू लागला तर उपदेश करू नये, ऐकून घ्यावे.

जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर मात्र त्याला एकटे सोडू नये. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बहुधा बंद असतो; म्हणून तेथूनच 'टेलिमानस'च्या १४४१६ या शासकीय, विनामूल्य क्रमांकावर बोलणे करून द्यावे व दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच्यासोबत जावे. हा क्रमांक हत्यारांच्या पेटीवरच रंगवून ठेवावा.