ताप उतरला म्हणजे धोका टळला काय ?

मुलाला ताप आला म्हणजे आई कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते, आजी सुंठ उगाळते आणि वडील 'सकाळपर्यंत वाट पाहूं' असें म्हणतात. बहुतेक वेळां तेवढ्यानें निभावतें. परंतु एका आजारांत ही एक रात्रच फार महाग पडते. तो आजार म्हणजे जंतूंमुळें होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह, अर्थात् मेनिंजायटिस. त्याचे उपद्रव कोणते, हें प्रत्येक आईबापांनीं जाणून असावें, असें आम्हांस वाटतें.

मेंदूभोंवतीं पातळ आवरणें असून त्यांमध्यें पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब इत्यादि जंतु बहुधा नाकाघशांतून रक्तांत व रक्तांतून या द्रवांत शिरतात. त्यांच्याशीं शरीर जो झगडा करतें, त्यानेंच मेंदूला सूज येते. कवटी पडली हाडाची. आंतील दाब वाढतो आणि मेंदूला रक्त कमी पोंचतें. तान्ह्या मुलाची टाळू फुगते ती याच दाबामुळें.

शेंकडा २० ते ३० मुलांना या आजारांत आंकडी येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊन थांबली, तर ती तितकी भयावह नव्हे. चौथ्या दिवसानंतरहि येत राहिली, तर मेंदूस इजा झाल्याची शंका धरावी लागते. कांहीं मुलांच्या रक्तांतील सोडियम घटतें. म्हणून सलाइन व पाणी डॉक्टर मोजून देतात. अंगावर कांचेनें दाबूनहि न मावळणारे जांभळे ठिपके उठले, तर जंतु रक्तांत पसरल्याचें तें चिन्ह होय. तेथें घटकाभरहि थांबूं नये.

मात्र एक उपद्रव मुकाट्यानें येतो. दाह अंतःकर्णांत पोंचून सुमारें दहांतील एका मुलाची श्रवणशक्ति कमीअधिक जाते. ताप उतरतो, मूल घरीं येतें, हांकेला ओ देत नाहीं. मंडळी म्हणतात, 'अजून अशक्त आहे.' इकडे अंतःकर्णांत हाड धरूं लागतें आणि पुढें कृत्रिम श्रवणयंत्र आंत बसविणें अवघड होतें. म्हणून इस्पितळांतून निघण्यापूर्वीं, निदान चार आठवड्यांच्या आंत, कानांची तपासणी झालीच पाहिजे.

ताप, उलट्या, मान ताठरणें, उजेड न सोसणें, ग्लानि. तान्ह्यांत नुसतें दूध न ओढणें व किरकिर : एवढ्यावरूनच डॉक्टर गांठावा. पाठींतून पाणी काढण्यास कोणीं भिऊं नये. निदान त्यावरच ठरतें. मात्र त्यास विलंब होणार असेल, तर प्रतिजैविक औषध त्यासाठीं थांबवीत नाहींत.

प्रतिबंधहि हातीं आहे. आपल्या देशाच्या सरकारी लसीकरणांत हिबची लस २०११ च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्यानें आली. न्यूमोकॉकसची २०१७ मध्यें सुरू होऊन २०२१ मध्यें देशभर पोंचली. दोन्ही विनामूल्य मिळतात. घरांतील बाळाचें लसीकरणाचें कार्ड आजच काढून पाहावें, एवढीच आमची वाचकांना विनंति आहे.