संकेतस्थळासाठी जागा निवडताना

संकेतस्थळासाठी मजकुराची आखणी कशी करावी, हे आपण मागील घटकात पाहिले. कविता, बोलीतील शब्दसंग्रह, गावाचा इतिहास असे जे काही आपण लिहून तयार केले असेल, ते वाचकांपर्यंत पोहोचावयाचे तर चोवीस तास चालू असलेल्या आणि इंटरनेटशी जोडलेल्या एखाद्या संगणकावर ठेवावे लागते. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या सेवेस वेब होस्टिंग म्हणतात. ही सेवा देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जाहिराती त्याहून पुष्कळ. त्यांतून विश्वासार्ह सेवा कशी ओळखावी, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

प्रारंभी एक घडलेली हकीकत सांगतो. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेने अनेक वर्षे खपून आपल्या परिसरातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचे संकेतस्थळ एका ओळखीच्या तरुणाने उभारून दिले. नाव त्याने नोंदवले, जागाही त्यानेच घेतली; बाई दरवर्षी त्याच्याकडे पैसे देत. पुढे त्याने व्यवसाय बदलला आणि गाव सोडले. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. एके दिवशी संकेतस्थळ उघडेना. होस्टिंग कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा ‘आपल्या नावाचे खाते आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले, आणि ते खोटे नव्हते. बाईंच्या वह्यांतील ओव्या वाचल्या. परंतु वह्या संपल्यानंतर ज्या दोन-अडीचशे ओव्या त्यांनी थेट संकेतस्थळावर टंकलिखित केल्या होत्या, त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती. त्या ओव्या सांगणाऱ्या काही आजीबाई तोवर निवर्तल्या होत्या.

या प्रकरणात सर्व्हर उत्तम चालत होता, हे ध्यानात घ्यावे. म्हणून सेवा निवडताना वेगाच्याही आधी विचारावयाचा प्रश्न असा : उद्या ही जागा सोडावी लागली, तर माझे नाव आणि माझे लिखाण घेऊन मला बाहेर पडता येईल काय?

नाव आणि जागा

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, आणि त्याची जागा, म्हणजे होस्टिंग, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकाच कंपनीकडून त्या एकत्र मिळतात, म्हणून नवख्या माणसास त्या एकच वाटतात. नाव म्हणजे पत्ता आणि जागा म्हणजे भाड्याची खोली असे समजावे. खोली बदलली तरी पत्ता तोच ठेवता येतो, ही सोय विटामातीच्या घरात नाही. मात्र त्यासाठी नाव आपल्या मालकीचे हवे. नोंदणीत स्वतःचे नाव, स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन क्रमांकच द्यावा. काम करून देणारा कितीही जवळचा असो. नाव एका कंपनीकडून दुसरीकडे हलविण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक लागतो. तो ग्राहकास सहज मिळतो की त्यासाठी विनवण्या कराव्या लागतात, हे आधीच विचारून घ्यावे. ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या बाबतीत नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस असे स्थलांतर सहसा करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मोफत मिळणाऱ्या जागेत पत्ता बहुधा त्या कंपनीच्याच नावाचा असतो. १९९४ साली सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ या सेवेवर लक्षावधी लोकांनी आपापली पाने उभारली होती. १९९९ मध्ये ‘याहू’ने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. काही हौशी संग्राहकांनी धावपळ करून त्यांतील बराच भाग वाचवला; परंतु पत्ते गेले ते गेलेच. सरावासाठी मोफत जागा वापरण्यास हरकत नाही. आयुष्याचा संग्रह तेथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी प्रत

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ‘ओव्हीएच’ या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरकेंद्रास आग लागली आणि तेथील एक इमारत जळून नष्ट झाली. ज्यांनी आपल्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवली होती, त्यांची संकेतस्थळे पुन्हा उभी राहिली. ज्यांच्याकडे अशी प्रत नव्हती, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली. काहींच्या बाबतीत तर बॅकअपही त्याच ठिकाणी होता.

‘रोज बॅकअप’ असे जाहिरातीत वाचले, की तीन गोष्टी विचाराव्यात. तो कोठे ठेवला जातो? किती दिवस मागचा मिळतो? आणि तो मला स्वतः उतरवून घेता येतो काय? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत उतरवून घरच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे एकदा तरी पाहावे. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा.

जाहिरातीतील आकडे

‘९९.९ टक्के वेळ चालू’ हे आश्वासन ऐकण्यास भरघोस वाटते. वर्षाचे तास ८,७६०. त्यांपैकी ०.१ टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास संकेतस्थळ बंद राहिले, तरी वचन मोडत नाही. ९९ टक्क्यांच्या आश्वासनात मात्र हाच अवधी साडेतीन दिवसांहून अधिक होतो. वचन मोडल्यास बहुधा भाड्यातील काही भाग परत मिळतो. गेलेल्या लिखाणाची भरपाई मिळत नाही.

‘अमर्याद जागा’ या शब्दास भुलू नये. अटींच्या बारीक अक्षरांत ‘वाजवी वापरा’ची मर्यादा असतेच. शिवाय लेखकास लागते तरी किती? प्रचलित युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्षि’ या अक्षरात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे बारा बाइट झाले. तरीही पानास दोन हजार चिन्हे धरली, तर तीनशे पानांचा ग्रंथ दोन मेगाबाइटांच्या आत मावतो. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही अनेकदा याहून मोठे असते. अनेक ग्राहकांत वाटून दिलेली स्वस्त जागा, म्हणजे शेअर्ड होस्टिंग, वैयक्तिक संग्रहास पुरेशी होते.

किंमत पाहताना पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवावी व नूतनीकरणाचा दर वाचावा. तो दुप्पट-तिप्पटही असू शकतो. पत्त्यापुढे दिसणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागणाऱ्यास, ते मोफतही उपलब्ध असताना, कारण विचारावे.

मराठी मजकुराची परीक्षा

जुन्या पद्धतीच्या माहितीकोशात युनिकोडची योजना नसेल, तर जतन केलेल्या ओव्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. अशी प्रश्नचिन्हे एकदा जतन झाली, की मूळ अक्षरे त्यांतून परत मिळत नाहीत. म्हणून परताव्याच्या मुदतीतच एक चाचणी करावी. ‘ज्ञानेश्वर’, ‘दुःख’, ‘वाङ्मय’, ‘तऱ्हा’ असे शब्द असलेला एक परिच्छेद जतन करावा, पान पुन्हा उघडावे, नंतर बॅकअप उतरवून त्यातही तोच मजकूर शाबूत आहे की नाही हे ताडून पाहावे.

उपक्रम : कोणत्याही दोन होस्टिंग कंपन्यांच्या ग्राहकसेवेस वरील मुद्द्यांवर चौकशीचे पत्र लिहा. पत्र मराठीत लिहून त्याचा इंग्रजी मसुदाही करा. उत्तर किती तासांनी आले, त्यात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते की केवळ योजनांचे दरपत्रक जोडले होते, याची नोंद आपल्या वहीत करा आणि ती संपर्कसत्रास येताना सोबत आणा.