लाकडी फरशी आणि भिजलेलं फडकं

आषाढात जुन्या घराचं दार चौकटीत अडकतं. खांदा लावून ढकलावं लागतं आणि दिवाळीच्या सुमारास तेच दार पुन्हा बिनबोभाट लागायला लागतं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना लाकडी फरशीचं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक आहे. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, पण चहूबाजूंनी सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत मात्र चांगलंच वाढतं. म्हणून उभ्या फळ्यांचं दार कडीच्या बाजूला अडकतं.

इंजिनिअर्ड वुडच्या पट्टीत याच स्वभावाला वेसण घातलेली असते. वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली लाकडाचे पातळ पापुद्रे, एक आडवा तर एक उभा, असे एकमेकांवर चिकटवलेले. एक पापुद्रा फुगू लागला की त्याचा शेजारी त्याला धरून ठेवतो. एवढी साधी युक्ती, पण तिच्याभोवती आपल्याकडे इतके गैरसमज साचलेत की लोक हजारो रुपये घालून नको ती वस्तू आणतात, नाहीतर चांगली वस्तू पोछ्याने मारतात.

पहिला गैरसमज दुकानातच भेटतो: ‘हे काही खरं लाकूड नाही, वर फोटो चिकटवलेला असतो.’ फोटो असतो तो लॅमिनेटमध्ये. तिथे दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुशाच्या पाटीवर छापील कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर असतो. इंजिनिअर्डचा वरचा थर झाडाचाच. ओळखायचं कसं? नमुना हातात घ्या आणि त्याची कापलेली कड उजेडात धरा. वरच्या थराच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर ते लाकूड; कडेला नुसती तपकिरी भुशाची पाटी आणि वर केसाएवढी रेघ दिसली तर लॅमिनेट. शिवाय चार-पाच पट्ट्या शेजारी मांडून बघा. तीच गाठ, तोच डाग पुन्हा पुन्हा आला, तर तो छापखान्याचा आहे.

तीच कड दुसरी महत्त्वाची गोष्टही सांगते, वरचा थर किती जाड आहे ती. ‘खराब झाली तर घासून पुन्हा पॉलिश करू’ असं सर्रास म्हटलं जातं. पट्टी एकूण १४-१५ मिलिमीटर असली तरी घासता येतो तो फक्त वरचा थर. तो चार ते सहा मिलिमीटर असेल तर आयुष्यात दोन-तीनदा घासून नवा करता येतो. दोन मिलिमीटरचा असेल तर फार तर एकदा, तेही हात हलका असलेल्या कारागिराकडून. एक मिलिमीटरच्या खाली असेल तर विषयच संपला, मशीन लावताच खालचा प्लाय उघडा पडेल. विक्रेत्याला एकूण जाडी विचारू नका, वरच्या थराची विचारा. माझ्या मते भाव ठरवताना दुसरं काहीही यापेक्षा मोठं नाही.

‘सागवान घ्या, त्याच्याइतकं टणक काही नाही’ हे तर आपल्या रक्तातच आहे. टणकपणा मोजण्याची यांका नावाची चाचणी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तो आकडा. सागवानाचा येतो साधारण हजार ते साडेअकराशे पौंड, पांढऱ्या ओकचा १,३५०च्या आसपास. सागवानाचं मोठेपण वेगळं आहे. त्याच्या अंगात तेल असतं आणि दमट हवेत ते ओकपेक्षा पुष्कळ कमी हलतं. आपल्या पावसाळ्यात हा गुण टणकपणापेक्षा मोलाचा. ओरखड्यांचं म्हणाल तर बुटाच्या तळव्याला चिकटून आलेल्या वाळूपुढे दोघांचंही चालत नाही. दाराच्या बाहेर एक आणि आत एक पायपुसणं, खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे गोल तुकडे, एवढ्याने फरशीचं आयुष्य वाढतं.

आता पाणी. ‘कोर मरीन प्लायचा आहे, पाण्याची काळजी सोडा’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो. आयएस ७१० या मानकात प्लायचे तुकडे ७२ तास उकळून बघतात ते त्यातला सरस सुटतो का, हे तपासायला. सरस सुटत नाही हे खरं, पण पापुद्रे लाकडाचेच राहतात आणि लाकूड पाणी पितच असतं. पाण्याची खरोखर फिकीर नसलेली वस्तू हवी असेल तर दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या मिळतात. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या तोंडाशी मी त्याच घालायला सांगेन.

आपल्या घरात फरशीचा खरा शत्रू असतो बादली. फिनाईल टाकलेल्या पाण्यात फडकं बुडवायचं, अर्धवट पिळायचं आणि लादी चकचकीत ओली करायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. शहाबादी आणि मोझॅकला ती शोभतेही. लाकडावर मात्र ते पाणी पट्ट्यांच्या सांध्यात उतरतं आणि तिथून वर येत नाही. घर पुसायला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी शेजारी बसून दाखवा: आधी मऊ झाडू, मग मायक्रोफायबरचं फडकं इतकं घट्ट पिळलेलं की पुसल्यावर फरशीवरची ओल मिनिटभरात उडून जावी. फिनाईल नको, व्हिनेगर नको, वाफेचा मॉप तर मुळीच नको. साबण लागलाच तर लाकडी फरशीसाठीचा सौम्य द्राव, तोही थेंबभर.

वरून येणारं पाणी दिसतं तरी. खालून येणारं दिसत नाही. नव्या इमारतीतला कोबा सुकायला आठवडे-महिने लागतात, आणि ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार हजर असतो. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरून चारही कडा टेपने बंद करा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या अंगाला दव दिसलं किंवा कोबा काळवंडला तर काम थांबवा. ही चाचणी ढोबळ आहे. कोरडा निकाल आला तरी कारागिराकडून ओल मापकाने मोजून घ्या.

माझ्या बहिणीच्या ठाण्यातल्या घरी मे महिन्यात सुरेख ओकची फरशी बसली. जुलैच्या मध्यावर हॉलच्या मधोमध पट्ट्या तंबूसारख्या वर आल्या, पाय ठेवला की खाली जायच्या आणि सोडला की पुन्हा वर. कंत्राटदाराचं ठरलेलं उत्तर: माल खराब. मी एका भिंतीचं स्कर्टिंग काढून पाहिलं. शेवटची पट्टी भिंतीला इतकी भिडली होती की मधे पोस्टकार्डही शिरत नव्हतं. तिथे दहा-बारा मिलिमीटरची फट हवी असते. स्कर्टिंग असतं ते ती झाकायला. सुताराने कडेची पट्टी तेवढी कापली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंचवटा निम्मा बसलेला होता. मालात काहीही दोष नव्हता. पट्ट्यांची खोकी बसवण्याआधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवायची असतात, तेही तिथे झालेलं नव्हतं.

या फरशीला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या जुलैत हवा ८० टक्क्यांपुढे, नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी पंचविशीच्याही खाली. म्हणून मुंबईकराने पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर रोज थोडा वेळ चालवावा, आणि नागपूरकराने उन्हाळ्यात सांध्यांत बारीक फटी दिसल्या तर लगेच लांबी भरू नये. पावसाळ्यात पट्ट्या फुगायला त्या जागेची गरज पडते.

वाळवीबद्दल एकच: ‘प्रक्रिया केलेलं आहे, लागत नाही’ यावर तळमजल्यावर राहणाऱ्याने विसंबू नये. जमिनीची वाळवीरोधक फवारणी आधी, फरशी नंतर.

आणि कधी एसीची नळी तुंबून किंवा खिडकी उघडी राहून पाणी साचलंच, तर लगेच पुसून पंखे लावा. चार दिवसांनी पट्ट्यांच्या कडा उचललेल्या आणि मध्य खोलगट दिसेल. घाबरून त्या कडा घासून सपाट करू नका. ओल गेली की कडा आपोआप बऱ्याच खाली बसतात, आणि आधीच घासलेल्या असतील तर मग मध्यच फुगीर राहतो. आठवड्यातून एकदा लोखंडी पट्टी आडवी ठेवून खालून दिसणारी उजेडाची फट बघत राहा. ती कमी होत असेल, तर दसऱ्यापर्यंत सुताराला बोलावू नका.