रामनिवास बागेतील पुतळा साठ वर्षे जमिनीखाली का होता?

जयपूर : सांगानेर म्हटले की ठशांनी छापलेले कापड आणि हातकागद आठवतो. जयपूरच्या तटबंदीतील एक दरवाजाही याच गावाच्या नावाने ओळखला जातो. जुन्या शहरातून सांगानेरी दरवाजाबाहेर पडले की जवळच रामनिवास बागेची गर्द झाडी लागते. पर्यटक येथे येतात ते अल्बर्ट हॉल संग्रहालय पाहण्यासाठी. या परिसरात एकेकाळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा सुमारे नऊ फूट उंचीचा धातूचा पुतळा उभा होता आणि पुढे तो साठेक वर्षे मातीखाली होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

बागेचा जन्म दुष्काळातला. १८६८ मध्ये महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनी दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिची उभारणी सुरू केली. डॉ. डी फाबेक या लष्करी शल्यचिकित्सकाने आखणी केली आणि सुमारे चार लाख रुपये खर्च झाला. ज्यांनी पोटासाठी ही जमीन खणली, त्यांच्या नावाचा दगड मात्र बागेत नाही. पुतळा उभा राहिला तो व्हाइसरॉयचा.

मेयो १८६९ मध्ये व्हाइसरॉय झाले. राजपुत्रांसाठी अजमेरला स्थापन झालेले मेयो कॉलेज त्यांच्याच कल्पनेतून आले. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानातील कैद्यांच्या वसाहतीची पाहणी करीत असताना शेर अली आफ्रिदी या कैद्याने सुऱ्याने वार करून त्यांची हत्या केली. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयची पदावर असताना हत्या होण्याची ही एकमेव घटना. रामसिंहांनी त्यानंतर श्रद्धांजली म्हणून पुतळा उभारला. शेजारच्या रुग्णालयालाही मेयो यांचेच नाव होते. इंग्रज प्रवाशांसाठीच्या जुन्या मार्गदर्शिकांत बागेचे वर्णन करताना या पुतळ्याचा उल्लेख आवर्जून येतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास चित्र पालटले. परकीय सत्तेच्या खुणांविषयीच्या रोषात पुतळ्याची मोडतोड होईल, या भीतीने जयपूर संस्थानाच्या कारभाऱ्यांनी तो अल्बर्ट हॉलच्या आवारात पुरून टाकला. ना फोडला, ना मिरवला. या युक्तीत संस्थानी मुत्सद्दीपणा पुरेपूर दिसतो. मे २००७ मध्ये जयपूर रोटरी क्लबच्या माजी अध्यक्षांच्या पुढाकाराने तो उकरून काढण्यात आला आणि अजमेरला नेऊन कॉलेजात उभारण्यात आला. जयपूरला तो परतला नाही.

मुंबईने असाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढील सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा 'काळा घोडा' म्हणून प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये तो हटवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. घोडा गेला तरी त्या भागाचे नाव टिकले आणि २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेला नवा काळा घोडा बसला.

त्याच दौऱ्यात, ६ फेब्रुवारी १८७६ रोजी, त्याच राजपुत्राने रामनिवास बागेत अल्बर्ट हॉलची कोनशिला बसवली. त्याच्या स्वागतासाठी जयपूर शहर गुलाबी रंगवले गेले, असे सांगितले जाते. सॅम्युअल स्विंटन जेकब यांच्या आराखड्यानुसार बांधलेली, घुमट-छत्र्यांची ही वास्तू १८८७ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. तेथील इजिप्शियन ममी आजही गर्दी खेचते. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत पाणी आत शिरले तेव्हा कर्मचाऱ्यांनी ती वेळीच उंचावर हलवली.

बागेतील प्राणिसंग्रहालयाचे मोठे प्राणी २०१६ मध्ये नाहरगड जैविक उद्यानात गेले, बागेखाली वाहनतळ झाला. मेयो रुग्णालयाच्या जागी आता महिला चिकित्सालय आहे. अल्बर्ट हॉलचे नाव मात्र बदललेले नाही.