मंदीत युनियन सवलत देते तेव्हा

वणी परिसरातून लखमापूर, दिंडोरी किंवा पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराला मंदीची पहिली चाहूल ओव्हरटाइम बंद होतो तेव्हा लागते. मग व्यवस्थापन युनियनला चर्चेला बोलावते आणि गेटवर तर्कवितर्क सुरू होतात.

‘कोविडमध्ये कोर्टानेच पगार कापायला परवानगी दिली होती’ हे आजही ऐकू येते. ते खरे नाही. पूर्ण पगार देण्याचा केंद्राचा २९ मार्च २०२० चा आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवरची सक्तीची कारवाई रोखली, पण सांगितले ते असे : कामगारांशी वाटाघाटी करा, जमले नाही तर कामगार खात्याकडे जा. एकतर्फी कपातीचा परवाना त्यात नव्हता.

‘सही केली म्हणजे युनियन विकली गेली’ हा आरोप तर ठरलेलाच. जर्मनीत १९९३ मध्ये फोक्सवॅगनच्या कामगारांनी आठवडा २८.८ तासांवर आणला, पगारही कमी घेतला. बदल्यात सुमारे ३०,००० नोकऱ्या वाचल्या आणि दोन वर्षे नोकरकपात न करण्याची लेखी हमी मिळाली. सवलतीच्या बदल्यात काय मिळाले, हे पाहिल्याशिवाय नेत्यांना दोष देणे अन्याय्य आहे.

मला सर्वांत घातक वाटतो तो वेगळाच समज : ‘मंदी सरली की सोडलेले आपोआप परत मिळते.’ अमेरिकेतल्या वाहन कामगारांनी २००९ च्या संकटात महागाईशी जोडलेली पगारवाढ सोडली. ती परत मिळवायला २०२३ चा संप करावा लागला. मधली १४ वर्षे गेली. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कराराची मुदत संपली तरी तो संपत नसे. लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो दोघांना बांधून ठेवी. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ६० दिवसांची तशीच तरतूद आहे. म्हणून गोठवलेला भत्ता कोणत्या तारखेला किंवा उत्पादन किती झाल्यावर सुरू होणार, हे करारातच हवे. कंपनीचा ताळेबंद सहीआधी मागावा. कंत्राटी कामगारांचे काय, हेही तेव्हाच विचारावे. कायम कामगारांना हमी मिळते त्याच महिन्यात अनेकदा कंत्राटी कामगारांना घरी पाठवले जाते.

आणि ‘युनियनने मान्य केले की काहीही कापता येते’ हेही चूक. किमान वेतन आणि कायद्याने ठरवलेला भविष्यनिर्वाह निधी कोणत्याही सहीने सोडता येत नाही.