शिकागो विद्यापीठाने फुटबॉल सोडला तेव्हा

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. वानखेडेच्या तिप्पट. ते ज्या अ‍ॅन आर्बर गावात आहे, तिथली लोकसंख्या जेमतेम सव्वा लाख. तिथे शिकणाऱ्या लेकीला भेटायला गेलेल्या मराठी आईवडिलांना सामन्याच्या शनिवारी गाव ओळखूच येत नाही. सकाळपासून गाड्यांच्या डिक्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, आणि पिवळ्या-निळ्या टीशर्टांत आजी-आजोबासुद्धा घोषणा देताहेत. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू बराच वेळ हातातच. पण मैदानावरचा संघ कुठल्या क्लबचा नसतो, विद्यापीठाचा असतो.

विद्यापीठाला हे झेंगट हवंच कशाला? उत्तर शिकागोत सापडतं. तिथे ते समजून-उमजून गळ्यात घेतलं गेलं आणि तसंच काढूनही टाकलं गेलं.

उद्योगपती रॉकफेलरच्या पैशावर उभं राहिलेलं शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं. नव्या संस्थेला नाव हवं होतं. पहिले कुलगुरू विल्यम रेनी हार्पर यांनी एमॉस अलोन्झो स्टॅग या तरुण प्रशिक्षकाला थेट प्राध्यापकाचा दर्जा देऊन आणलं. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला कायमची प्राध्यापकी! स्टॅग ४१ हंगाम टिकले. संघ जिंकायचा, वर्तमानपत्रं नाव छापायची, शहरातले धनिक सामन्याला यायचे. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, जिला आज हाइझमन म्हणतात, ती १९३५ मध्ये पहिल्यांदा मिळाली तीही शिकागोच्याच जे बर्वँगरला.

तोवर रॉबर्ट हचिन्स कुलगुरू झाले होते. १९२९ मध्ये पदावर आले तेव्हा वय अवघं ३०. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तिकीटविक्रीची चटक लागली की विद्यापीठ शिकवायचं विसरतं. तिकीट दहा सेंटांवर आणा, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. १९३९ मध्ये मिशिगनने शिकागोला ८५-० असं धुतलं आणि त्याच डिसेंबरात विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला. हचिन्स यांच्या धैर्याचं कौतुक जरूर करावं, पण त्यांचं काम थोडं सोपंही होतं. संघ हरत होता आणि विद्यापीठ खासगी होतं. अनुदान रोखून धरणारे आमदार डोक्यावर नव्हते. जिंकणाऱ्या सरकारी विद्यापीठात असा ठराव मांडणाऱ्या कुलगुरूची खुर्ची किती दिवस टिकली असती?

विद्यापीठाच्या ओस पडलेल्या फुटबॉल मैदानाच्या, म्हणजे स्टॅग फील्डच्या, गॅलरीखाली रॅकेट्स खेळायचं एक कोर्ट होतं. तिथेच भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून अणुभट्टी उभारली. २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित, स्वयंचलित अणु-साखळी अभिक्रिया तिथे चालली आणि शास्त्रज्ञांनी कागदी पेल्यांतून इटालियन वाइन घेतली. फुटबॉल गेल्याने विद्यापीठाचं काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांना हा दाखला पुरेसा आहे. १९६९ मध्ये फुटबॉल तिथे परतला, पण आज तो अशा श्रेणीत खेळला जातो जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.

बाकीच्यांनी मात्र हचिन्स यांचा कित्ता गिरवला नाही. पुढे टीव्हीचा पैसा आला. आज अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. खेळाडूंच्या वाट्याला दीर्घकाळ शिष्यवृत्ती आणि 'विद्यार्थी-खेळाडू' हे बिरुद, एवढंच आलं. हे बिरुद १९५० च्या दशकात रुजवलं गेलं ते बरंचसं नुकसानभरपाईचे दावे टाळण्यासाठी. खेळाडू नोकर ठरला असता, तर जायबंदी झाल्यावर भरपाई द्यावी लागली असती. क्रीडागुणांवर वाद घालणाऱ्या आपल्याला हा हिशेब अंमळ अजबच वाटेल.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा एकमताने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. खेळाडूंच्या दाव्यातली तडजोड जून २०२५ मध्ये मंजूर झाली आणि विद्यापीठाला पहिल्या वर्षी खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटायची मुभा मिळाली. आता हा पैसा काढायचा कुठून? तडजोडीची चाहूल लागताच, मार्च २०२५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने वाढता खर्च पुढे करून पोहण्याचा संघ बंद केला. त्या संघातल्या मुलामुलींच्या शर्यती टीव्हीसाठी कुणी विकत घेत नव्हतं. फुटबॉलचा संघ तिथे अजून आहे.