सात तासांचे अंगण

वाड्यात वाढलेल्या मंडळींस अंगण म्हणजे काय हे सांगावयास नको. सकाळी तेथे सडा पडे, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत, तिसऱ्या प्रहरी मुले खेळत आणि रात्री जेवणे आटोपल्यावर वडील मंडळी तेथेच घटकाभर बसत. वाडे गेले, इमारती उभ्या राहिल्या, आणि अंगणाची जागा वाहनांनी घेतली. राहता राहिला घरापुढचा रस्ता. तो तरी आपला उरला आहे काय, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याचा आजच्या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो घरातल्याच एका लहानशा गोष्टीवरून. आमच्या मातुःश्री वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत नित्यनेमाने देवदर्शनास जात. देऊळ रस्त्याच्या पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर. गेल्या वर्षापासून त्यांनी जाणे सोडले. पाय धड आहेत, दृष्टीही बरी आहे, पण विचारले की एवढेच म्हणतात, "रस्ता ओलांडवत नाही रे आता." त्याच घरात त्यांचा नऊ वर्षांचा नातू आहे. त्याला मुंजीत मिळालेली सायकल गच्चीवरच गोल गोल फिरते. कुटुंबातील सर्वांत थोर आणि सर्वांत लहान अशा दोघांनाही घरात कोंडणारे कारण एकच आहे, आणि आम्ही मधल्या वयाचे लोक ते कारण रोज चालवीत कचेरीस जातो!

या दुखण्यावर एका दूरच्या शहराने जो उपाय शोधला, तो मोठा विचार करण्याजोगा आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट उंच पठारावर वसलेले हे शहर सुमारे ऐंशी लक्ष वस्तीचे आहे. तेथे मोटारींचा सुकाळ आणि चालणाऱ्यांचा दुष्काळ होऊ लागला, तेव्हा १५ डिसेंबर १९७४ या रविवारी काही तरुण नागरिकांनी शहराच्या प्रमुख मार्गांवर सायकलस्वारांचा मेळावा भरविला. अमेरिकेत स्थापत्यशास्त्र शिकून आलेले हाइमे ओर्तिस मारिन्यो हे त्यांतील एक पुढारी. त्या दिवशी सुमारे पाच हजार माणसे जमली असे सांगतात. १९७६ साली महापौर लुइस प्रिएतो ओकाम्पो यांनी या उपक्रमास सरकारी मान्यता दिली. मध्यंतरी त्याचा जोर ओसरला. पण १९९५ नंतर नगराच्या क्रीडा व उद्यान खात्याचे प्रमुख गिल पेन्यालोसा यांनी त्याचा जणू जीर्णोद्धारच केला. आज 'सिक्लोविया' या नावाने तेथे १२० किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते मोकळे होतात. पुण्याहून साताऱ्यास जाऊन थोडे पुढे जावे एवढी ही लांबी झाली.

यातील खुबी व्यवस्थेत आहे. प्रत्येक रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत हे रस्ते मोटारींस बंद असतात. मात्र शहराचा गळा कोठेही आवळला जात नाही. जे हमरस्ते दुभागलेले आहेत, त्यांची बहुधा एक बाजू माणसांस दिली जाते आणि दुसरीवर वाहने चालू राहतात. आडवे रस्ते जेथे छेदतात, तेथे गणवेशातील रक्षक आळीपाळीने कधी वाहनांस तर कधी सायकलस्वारांस थांबवितात. वाटेत सायकल दुरुस्त करणारे बसतात, फळे व रस विकणारे असतात. उद्यानांत शिक्षक चौथऱ्यावर उभे राहून संगीताच्या तालावर व्यायाम शिकवितात, आणि आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सारे त्यात सामील होतात. तेथील शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांस जी समाजसेवा करावी लागते, ती कित्येक मुले या मार्गावर काम करून पुरी करतात. एका रविवारी दहा लक्षांहून अधिक माणसे बाहेर पडतात असा तेथील अंदाज आहे. एवढा व्याप म्हणजे खर्चही अफाट असेल, असे कोणास वाटेल. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा खर्च भाग घेणाऱ्या माणशी वर्षास सुमारे सहा डॉलर एवढाच भरला. कारण उघड आहे: नवे काही बांधावयाचे नाही, बांधलेला रस्ताच काही तास दुसऱ्या कामास लावावयाचा आहे.

आता आपल्याकडे पाहू. रस्त्यावरून वाहने दूर करण्याची कल्पना आपणांस परकी आहे असे कोण म्हणेल? ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यास येतात तेव्हा रस्ते वारकऱ्यांचे होतात. अनंत चतुर्दशीस लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीखेरीज दुसरे काही हलत नाही. त्या दिवशी घरातील म्हातारी माणसेही रस्त्यावर येऊन उभी राहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. याच लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने 'पादचारी दिन' म्हणून वाहनांस बंद ठेवला, आणि पुढील वर्षांतही हा दिवस पाळला. त्यापूर्वी दिल्लीशेजारच्या गुडगावात १७ नोव्हेंबर २०१३ रोजी 'राहगिरी' सुरू झाली होती, आणि मुंबई पोलिसांनी २७ मार्च २०२२ पासून काही रस्ते रविवारच्या सकाळी नागरिकांस खुले केले होते. प्रयत्न झाले, ते स्तुत्यही होते.

परंतु वर्षातून एकदा येतो तो सण, आणि आठवड्यास येतो तो आठवडी बाजार. सणाचे कौतुक होते. संसार चालतो तो बाजारावर. सणाच्या दिवशी लहान मूल सायकल चालवून पाहील, पण सायकल शिकणार नाही. वृद्ध माणूस एक दिवस हौसेने फिरेल, पण त्याच्या मनातील भीती जाणार नाही. बोगोट्याचे यश दर रविवारी न चुकता रस्ता मोकळा होण्यात आहे. तेथे पन्नास वर्षांत एक पिढी या रस्त्यावर सायकल शिकली आणि तिने आपली मुले त्याच रस्त्यावर आणली.

यावर आक्षेप येतील, आणि ते सर्वच पोकळ नाहीत. व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. रुग्णास नेणारी गाडी अडकून चालणार नाही. ज्याचे घर त्याच रस्त्यावर आहे, त्याने रविवारी गावास कसे जावे? याची उत्तरे व्यवस्थेत सापडतात: रुग्णवाहिकेस वाट सदैव मोकळी, पर्यायी मार्ग आधी जाहीर, वेळ ठरलेली आणि ती संपताच रस्ता पूर्ववत. आणि लोकांस हे रुचेल काय, अशी शंका असेल तर लोकांसच विचारावे. बोगोट्यात २००० सालच्या फेब्रुवारीत एका कामाच्या दिवशी खासगी मोटारी बंद ठेवण्याचा प्रयोग झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यावर जनतेचा कौल घेण्यात आला, आणि असा दिवस दरवर्षी पाळावा असे बहुमताने ठरले.

एके काळी पुण्यास सायकलींचे शहर म्हणत. ते दिवस जसेच्या तसे परत येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतःही मोटार विकावयास निघालेलो नाही. आमची विनंती माफक आहे. आपल्या पेठेतील, आपल्या वसाहतीतील एखादा रस्ता रविवारी सकाळचे काही तास वाहनांविना राहावा, आणि तो प्रत्येक रविवारी राहावा, एवढी मागणी आपल्या नगरसेवकाकडे व पोलीस चौकीत दहा घरांनी मिळून करावी. एकट्याचा अर्ज फायलीत पडतो. दहा घरांची माणसे समोर जाऊन उभी राहिली तर त्यांस उत्तर द्यावे लागते.

हा लेख मातुःश्रींस वाचून दाखविला. त्यांनी बोगोट्याविषयी काही विचारले नाही. थोडे थांबून म्हणाल्या, "रविवारी काकड आरती होऊन गेलेली असते. पण सातला गेले तरी चालेल."